'शमन' कुठे, 'निवारण' कुठे: नुकसान कमी करण्याचा शब्द नेमका कसा वापरायचा

गावाचा आपत्ती आराखडा, संस्थेचा प्रस्ताव, नुकसानीचा अर्ज आणि तालुक्याची बातमी. मी वर्षानुवर्षं ही कागदपत्रं तपासते, त्यातली बहुतेक लातूर, धाराशिव आणि बीडकडची असतात. 'मिटिगेशन'चा, म्हणजे नुकसान कमी करण्याच्या उपायांचा, रकाना आला की हात अडखळतो. कुणी तिथे 'निवारण' लिहितं, कुणी 'निर्मूलन', कुणी 'प्रतिबंध', तर कुणी सरळ टँकर आणि धान्यवाटपाची यादी देतं. शब्द सगळे चांगले आहेत, पण प्रत्येक शब्द वेगळं काम सांगतो.

आधी अर्थ पाहू. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये या संज्ञेची व्याख्या आहे. आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करण्यासाठी योजलेले उपाय, असा तिचा आशय. म्हणजे संकट येऊ शकतं, कदाचित येणारच आहे, पण त्याची इजा कमी व्हावी म्हणून केलेलं काम. मराठीत याला शमन, उपशमन किंवा सौम्यीकरण म्हणतात. सरकारी कागदात 'सौम्यीकरण' जास्त दिसतं. 'कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प' हे नाव अनेकांनी ऐकलं असेल.

शब्द चुकला की काम चुकीच्या रकान्यात जातं. आमच्या भागातल्या एका संस्थेने दुष्काळाच्या प्रस्तावात 'सौम्यीकरणाचे उपाय' या मथळ्याखाली टँकर, चारा छावणी आणि किराणा किट लिहिले. त्याच गावात त्यांनी दोन वर्षं खपून बांधबंदिस्ती केली होती, नाला खोल केला होता. ते सगळं 'इतर उपक्रम' या रकान्यात दोन ओळींत उरकलं होतं. 'सौम्यीकरणाचा एकही उपाय नाही' असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत मे महिना उलटला होता. काम केलेलं असूनही ते कागदावर दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. हा लेख त्यासाठीच आहे.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

शब्दकोश लगेच उघडू नका. त्यात एका इंग्रजी शब्दापुढे पाच मराठी शब्द मिळतात आणि आपण पहिला उचलतो. त्याआधी एका कोऱ्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा:

- काय कोसळणार आहे? (पावसाचा खंड, पूर, गारपीट, भूकंप)
- त्याची इजा कुणाला, कशाला होणार? (माणूस, जनावर, पीक, घर)
- आपण काय केलं, किंवा करणार आहोत?
- ते केल्यावर इजा किती उरेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण टाळतात. शब्दाची निवड मात्र त्याच उत्तरावर ठरते, म्हणून तो रकाना रिकामा सोडू नका. आकडा नसेल तर साध्या शब्दांत लिहा: 'काहीच उरणार नाही', 'थोडी उरेल', 'तेवढीच राहील, पण पैसे मिळतील'.

आणखी एक गोष्ट करा. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला ते काम त्याच्या शब्दांत सांगायला लावा. किल्लारीजवळच्या एका गावात घर बांधणीवर बोलत असताना एक आजोबा म्हणाले होते, "भुकंप का आपल्या हातात हाय? पर घर अंगावर पडू नाही, एवढं तर करता येतंय की." कायद्याच्या व्याख्येतलं सगळं यात आलं. त्यांना 'शमन' हा शब्द माहीत नव्हता, अर्थ मात्र पक्का ठाऊक होता.

## टप्पा १: कारण वेगळं काढा, इजा वेगळी काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर थोडं थांबू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या पाठीवर याहून मोठे भूकंप होतात आणि काही ठिकाणी माणसं कमी दगावतात. इथे हजारो माणसं गेली. घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या आणि दगड मातीत बसवलेले होते. भिंतीचं आतलं तोंड आणि बाहेरचं तोंड एकमेकांना बांधलेलं नव्हतं. वर माळवद होतं, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

आता वेगळं करून पाहा. जमीन हादरणं हे कारण. भिंत फुटणं, माळवद कोसळणं, माणूस दबणं ही इजा. कारणावर आपला काडीचाही ताबा नाही. इजेवर आहे. भिंतीत जागोजागी दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड घालता येतात. खिडकी-दाराच्या वरच्या पातळीला घराभोवती सलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा बांधता येतो. छप्पर हलकं करता येतं.

म्हणून 'भूकंपाचे शमन' हे वाक्य चुकीचं. 'भूकंपाने होणाऱ्या हानीचे शमन' बरोबर. त्याहून चांगलं: 'भूकंप झाला तरी घर कोसळू नये यासाठीचे उपाय'.

तपासा: 'चे शमन' किंवा 'चे सौम्यीकरण' यांच्या आधी कोणतं नाम आलंय ते पाहा. तिथे भूकंप, वीज, अवर्षण असं निसर्गाचं नाव असेल तर मध्ये 'परिणाम', 'हानी', 'झळ' यांपैकी काहीतरी हवं. शीर्षकात आणि योजनेच्या नावात आखूड रूप चालतं, तिथे हट्ट धरू नका. पण वाक्यात ते चालवू नका.

## टप्पा २: काम कधीचं आहे ते ठरवा

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी (पाण्याच्या टाकीचे डबे), सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या गाडीने शहराची तहान शमवली, असं लिहिलं तर अगदी बरोबर. तिने दुष्काळ शमवला, असं लिहिलं तर चूक. पाणी संपलेलं होतं, माणसं घागरी घेऊन उभी होती, त्यानंतर गाडी आली. याला तातडीची मदत म्हणतात. ती फार मोलाची असते, पण तिचा रकाना वेगळा.

काम संकटाच्या आधीचं, चालू असतानाचं की नंतरचं, हे कागदावर लिहूनच पुढे जा. शमन बहुतांशी आधीचं असतं. मदत चालू असतानाची आणि लगेच नंतरची. भरपाई आणि पुनर्वसन त्याच्याही नंतरचं.

'आधीचं' म्हणजे सगळंच शमन, असंही नाही. पुराच्या आधी गावात दोर आणून ठेवले, पोहणाऱ्यांची यादी केली, फोन नंबर भिंतीवर रंगवले. ही पूर्वतयारी. ओढ्याचं पात्र मोकळं केलं, खालच्या आळीतली घरं उंच जागी हलवली. हे शमन. दोर आपण पूर आल्यावर वापरतो. मोकळ्या केलेल्या ओढ्याला काहीच सांगावं लागत नाही, पूर आला की तो आपोआप कामाला येतो.

सावधान: पंचनामा, अनुदान आणि पीक विमा यांतलं काहीच शमन नाही. सोयाबीन वाहून गेल्यावर खात्यात आलेले पैसे म्हणजे भरपाई किंवा मदत. शेतातलं नुकसान तेवढंच राहिलं, फक्त त्याचा भार घरावर कमी आला. हा फरक पुसला तर वाचणाऱ्याला वाटतं की शेतात काहीतरी वाचलं.

## टप्पा ३: 'तरीही' लावून पाहा

मी शिकवताना वापरते ती चाचणी साधी आहे. कामाचं वाक्य 'तरीही' घालून म्हणा.

'भूकंप झाला, तरीही भिंत उभी राहिली.' वाक्य जुळलं, तर ते शमन.

'लस दिली, म्हणून जनावराला लाळ-खुरकूत झालीच नाही.' इथे 'तरीही' नाही, 'म्हणून झालीच नाही' आलं. हा प्रतिबंध.

'आता हा रोग कुठेच उरला नाही.' हे निर्मूलन. मूळ उपटलं गेलं, तेव्हाच हा शब्द. 'दुष्काळ निर्मूलन' असं लिहिताना आपण काय कबूल करतोय याचा विचार करा. मराठवाड्यातला पावसाचा खंड कुणी मुळासकट उपटू शकत नाही.

'अडचण होती, ती दूर केली.' हे निवारण. तक्रार निवारण कक्षात तक्रार कमी होत नाही, ती मिटते, किंवा मिटावी अशी अपेक्षा असते. 'टंचाई निवारण' हा शब्दही म्हणूनच योग्य आहे: पाणी नव्हतं, ते पोहोचवलं, टंचाई दूर झाली. 'दुष्काळ निवारण' मात्र सैल आहे. तो इतका रुळलाय की समितीचं नाव बदलायला जाऊ नका. पण आपल्या वाक्यात टंचाई दूर झाली की दुष्काळाची झळ कमी झाली, हे स्पष्ट लिहा. निवारा हा शब्द 'निवारण'च्याच घरातला आहे. निवारा पाऊस थांबवत नाही, तो आपल्यापासून पावसाला दूर ठेवतो. हे लक्षात ठेवलं की 'निवारण' कुठे बसतं ते समजायला सोपं जातं.

'नुकसान झालं, नंतर पैसे मिळाले.' ही भरपाई.

### 'अग्निशमन'मुळे होणारा घोटाळा

एक प्रश्न दर वेळी येतो. अग्निशमन दल आग कमी करत नाही, पूर्ण विझवतं. मग शमन म्हणजे कमी करणं कसं?

प्रश्न रास्त आहे. मराठीत 'शमणे' दोन तऱ्हेने चालतं. आग, तहान, भूक, भांडण हे शमलं म्हणजे संपलं. वेदना शमली म्हणजे मात्र ती निवली, दुखणं सहन होण्याजोगं झालं. वेदनाशामक गोळी घेतली की दाताचं दुखणं कमी होतं, पण कीड तशीच असते. आपत्तीच्या कागदात 'शमन' येतं ते या दुसऱ्या तऱ्हेने. वाचणारा पहिल्या तऱ्हेने वाचेल अशी शंका आली, तर 'सौम्यीकरण' किंवा 'तीव्रता कमी करणे' लिहा. माझा स्वतःचा कल साध्या क्रियापदाकडे असतो.

तपासा: वाक्य वाचून वाचणाऱ्याला 'आता धोका संपला' असं वाटतंय का? वाटत असेल तर शब्द बदला. ही फक्त भाषेची गोष्ट नाही. 'पुराचे निवारण झाले' असं वाचलेला माणूस पुढच्या पावसाळ्यात ओढ्याकाठी निर्धास्त झोपेल.

## टप्पा ४: विषय कोणता, त्यावर शब्द ठरतो

हाच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या विषयांत वेगळं काम करतो. इथे अनुभवी माणसंही फसतात.

हवामानबदल. या विषयात शमन म्हणजे हवेत जाणारे हरितगृह वायू कमी करणं, म्हणजे थेट कारणावर घाव. बदललेल्या हवामानात टिकून राहण्यासाठी जे करतो त्याला 'अनुकूलन' म्हणतात. आता शेततळं घ्या. दुष्काळाच्या आराखड्यात शेततळं सौम्यीकरणात येतं, कारण पाऊस रुसला तरी त्याच्या पाण्यावर पीक तगतं. हवामानबदलाच्या प्रस्तावात तेच शेततळं अनुकूलनात जातं, कारण त्याने वायू कमी होत नाहीत. डिझेलचा पंप काढून सौरपंप बसवला, तर त्या प्रस्तावात ते शमन.

टप्पा १ मध्ये मी म्हटलं की शमन इजेला लागतं, कारणाला नाही. हवामानबदल हा त्याला मोठा अपवाद आहे, कारण इथे कारण माणसाच्या हातातलं आहे. बदलत्या हवामानात शेती टिकावी यासाठीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासारख्या, म्हणजे 'पोकरा'सारख्या कामांबद्दल लिहिताना हा फरक सतत लागतो. एकाच गावाचे दोन कागद करताना एकातला तक्ता दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवू नका.

कायदा. इथे 'शमन' अजिबात नको. शिक्षा ठरवताना आरोपीच्या बाजूने पाहिल्या जाणाऱ्या बाबींना 'शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती' म्हणा. फाशीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी आणि शिक्षा सौम्य करणारी, अशा दोन्ही बाजू तोलायला सांगितल्या. बातमीत हे वारंवार येतं. 'गुन्ह्याचे शमन' असं लिहिलं, तर अर्थाचा अनर्थ होतो. त्यात भर अशी की हिंदी कायदेशीर मजकुरात 'शमनीय अपराध' म्हणजे आपसात मिटवता येणारा गुन्हा. हिंदीवरून उतरवताना तो शब्द तसाच मराठीत आला, तर वाक्य भलतीकडेच जातं.

कराराच्या कायद्यातही हा विचार आहे. समोरच्याने करार मोडला तरी आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. नुकसान आवरण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात ते आहे. व्यापाऱ्याने ठरलेली तूर उचलली नाही, तर ती पावसात भिजू देऊन सगळी रक्कम मागता येत नाही. अर्जात लिहायचं: 'नुकसान वाढू नये म्हणून मी माल दुसरीकडे विकण्याचा प्रयत्न केला.' एवढं पुरे, जड शब्दाची गरज नाही.

वैद्यक. वेदना 'शमते', ताप 'उतरतो', साथ 'आटोक्यात येते'. रोग 'बरा होतो' हे निराळं. बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या सेवेबद्दल लिहिताना 'उपचार' आणि 'आराम' यांची सरमिसळ करू नका. रुग्णाच्या घरचे लोक हे वाचत असतात.

## टप्पा ५: क्रियापद मराठी कानाला जुळवा

नाम बरोबर निवडलं तरी क्रियापदात घसरतो. 'प्रभाव कमी करणे' हे एकच क्रियापद सगळीकडे ठोकलं जातं आणि मजकूर परका वाटायला लागतो. मराठीत प्रत्येक इजेचं आपलं नाव आहे, आणि ती कमी होण्याची आपली रीत आहे.

दुष्काळाची झळ बसते. ती कमी बसू द्यायची असते. उन्हाचे, महागाईचे चटके बसतात. पुराचा, वादळाचा तडाखा बसतो. बांध घातला की तडाख्याचा जोर ओसरतो. गारांचा मार लागतो. मोसंबी किंवा द्राक्षाच्या बागेवर जाळी असली की मार चुकतो. कर्जाचा बोजा असतो आणि तो हलका होतो. दुःखही हलकं होतं. राग शांत होतो, तणाव निवळतो, विष उतरतं, वाद मिटतो. आणि ज्याला इजा सोसायची असते ते पीक, ते जनावर तग धरतं. 'तगवणे' आणि 'जगवणे' ही दोन क्रियापदं मराठवाड्याच्या कागदात मुद्दाम वापरावीत असं मला वाटतं. जालन्याकडचा शेतकरी दुष्काळात मोसंबीची बाग 'जगवतो'. खोडाभोवती पाचट पसरतो, फांद्या छाटतो, मिळेल ते पाणी मुळाशी देतो. हे सगळं शमन आहे, आणि 'बाग जगवली' या दोन शब्दांत ते मावतं.

सावधान, सारखे दिसणारे शब्द:

'मिटिगेट'चा 'मिटवणे'शी काही संबंध नाही. नाद सारखा म्हणून चांगली शिकलेली मुलंही 'आपत्ती मिटवणे' लिहून जातात.

इंग्रजी मजकुरात 'मिलिटेट' हा वेगळा शब्द येतो. त्याचा अर्थ आड येणं, विरोधात जाणं. अनुवाद करण्याआधी स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचा.

'न्यूनीकरण' हा हिंदी कागदांतून येतो. मराठीत 'न्यून' म्हणजे उणीव, आपण 'न्यूनगंड' म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. 'आपत्ती न्यूनीकरण' वाचून मराठी माणूस अडखळतो.

'शमन' ही क्रिया, 'शामक' म्हणजे ती करणारा. वेदनाशामक गोळी, शामक औषध. 'वेदनाशमक' असं लिहू नका.

'दमन' म्हणजे दडपणं. टंकताना एक अक्षर चुकलं की 'जनतेच्या त्रासाचे दमन' तयार होतं. असा कागद माझ्यासमोर आलेला आहे.

## टप्पा ६: वाक्य बांधा

आता लिहायला घ्या. क्रम असा ठेवा: कोणतं काम, कोणतं संकट आलं तरी, कुणाची कोणती इजा, किती कमी. शब्द मथळ्यात, काम वाक्यात.

एका आराखड्यातला मूळ मजकूर साधारण असा होता:

> 'गावात दुष्काळ व अतिवृष्टीचे शमन करण्यासाठी बीबीएफ पद्धतीचा अवलंब करून प्रभाव मिटिगेट करण्यात येईल.'

यात चुका मोजून पाहा. शमन दुष्काळाला आणि पावसाला लावलंय. 'शमन' आणि 'मिटिगेट' हे दोन्ही एकाच वाक्यात आलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा. 'प्रभाव' कशाचा, कशावर, हे नाही. 'करण्यात येईल' म्हटलं, पण कोण करणार हे नाही.

आम्ही तो शेतकऱ्यांसोबत बसून असा बदलला:

> सौम्यीकरणाचा उपाय: रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धतीने सोयाबीन पेरणी. पावसाचा खंड पडला तरी सरीत मुरलेल्या ओलाव्यावर पीक काही दिवस तग धरतं. मोठा पाऊस झाला तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि मुळं कुजत नाहीत. पेरणी शेतकरी गटातले सभासद करतील. पेरणी यंत्राची व्यवस्था ग्रामपंचायत पाहील.

मथळा सोडला तर 'शमन' किंवा 'सौम्यीकरण' कुठेच नाही. तरी वाचणाऱ्याला कुठलीही शंका उरत नाही. दोन्ही वाक्यांत 'तरी' आणि 'तर' आपोआप आले, म्हणजे टप्पा ३ ची चाचणी मजकूर स्वतःच पार करतो. 'काही दिवस' हेही मुद्दाम लिहिलंय. महिनाभर पाऊस आला नाही तर ही पद्धत पीक वाचवेल, असं सांगायचं धाडस आम्ही केलं नाही.

तपासा: एका कागदात एकच शब्द ठेवा. पहिल्या पानावर 'सौम्यीकरण', तिसऱ्यावर 'उपशमन', सातव्यावर 'शमन' असं झालं, की तपासणारा तीन वेगळी कामं समजतो. सरकारी नमुन्यात जो शब्द असेल तोच धरा, आपला आवडता तिथे घुसवू नका.

## टप्पा ७: शेवटची फेरी, मोठ्याने वाचून

कागद पूर्ण झाला की मोठ्याने वाचा, आणि शक्य असेल तर ज्या कामाबद्दल आहे ते करणाऱ्या माणसासमोर वाचा. त्याच्या कपाळावर आठी आली तिथे थांबा. अडचण बहुतेक वेळा वाक्यात असते, त्याच्या समजुतीत नसते.

मग खालची कामं वेगळी करून पाहा. उत्तर झाकून आधी स्वतः ठरवा.

*चारा छावणी.* मदत. जनावरं उपाशी पडल्यावर सुरू होते. पण उन्हाळ्याआधी कडबा साठवून ठेवणारी गावची चारा बँक? त्या साठ्याने टंचाईची झळ कमी होते, म्हणून ती शमनाकडे झुकते. काही तपासणारे तिला पूर्वतयारीत धरतात, तेही चूक नाही. एका बाजूला ठेवा आणि का ठेवलं ते एका ओळीत लिहा.

*शाळेच्या इमारतीवर बसवलेली वीजरोधक यंत्रणा.* शमन. नावात 'रोधक' आहे म्हणून अनेक जण प्रतिबंध लिहितात. यंत्रणा वीज पडायची थांबवत नाही, पडलेली वीज तारेवाटे जमिनीत नेते. 'वीज पडली, तरीही शाळेला काही झालं नाही.'

*मोबाईलवर आलेला विजेचा इशारा.* पूर्वसूचना. इशाऱ्याने स्वतःहून इजा कमी होत नाही. तो वाचून माणूस झाडाखालून निघून पक्क्या घरात गेला, तर होते. इशारा आणि त्यावर केलेलं काम, दोन वेगळ्या ओळी लिहा.

*२०२५ च्या सप्टेंबरसारखा पूर ओसरल्यावर खरवडून गेलेल्या जमिनीत पुन्हा माती टाकणं.* पुनर्स्थापना. पण ती करताना बांधाला पाणी निघण्यासाठी दगडी सांडवा ठेवला, तर तेवढा भाग पुढच्या पुरासाठीचं शमन. एकाच कामाच्या अशा दोन फोडी पडत असतील तर त्या पाडाच. कामाचा तो भाग मग योग्य रकान्यात दिसतो.

*विहीर पुनर्भरण.* इथे 'कशासाठी' हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. टप्पा ४ कडे परत जा आणि हा कागद दुष्काळाचा आहे की हवामानबदलाचा, ते आधी पाहा.